दोन्ही बाजूंनी आखूड

कंबर : चौतीस

शिंप्याची कंबर चौतीस इंच होती आणि ही गोष्ट गल्लीत सगळ्यांना माहीत होती, कारण कोणी न विचारता तो ती सांगायचा. चाळिशीत चौतीस, सत्तेचाळीसला चौतीस, आणि आता चोपन्नावं लागलं तरी चौतीस. दुकानाची पाटी दोनदा रंगवून झाली, समोरच्या औषधवाल्याच्या डोक्यावरचे केस गेले, पण चौतीस जागची हलली नाही.

"अहो, लोकांना कंबर काय सांगत बसता?" बायको म्हणायची. "लोक पँट शिवायला येतात."

"माणसाला उदाहरण लागतं."

"उदाहरण सकाळपासून चिडचिड करतंय. त्याला कोणी जेवायला घाला."

तो खरंच उदाहरणासारखा जगायचा. उजाडायच्या आत कालव्याच्या कडेनं तासभर चालणं, परत आल्यावर उकडलेल्या भाज्या, बिनसाखरेचा चहा. कटिंगच्या टेबलासमोरच्या भिंतीवर त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेला कागद टाचला होता :

*सोडलेल्या गोष्टी*
*साखर.*
*तळलेलं.*
*वरून घेतलेलं मीठ.*
*रात्रीचं जेवण (संध्याकाळी सहालाच आटपतो).*
*आरामखुर्ची.*
*उशी.*
*दुसऱ्यांच्या घरची जेवणं (जातो, पण नुसता बसतो).*

शेवटच्या ओळीखाली बायकोनं पेन्सिलीनं भर घातली होती : *लोकांची बोलावणी. (आता येत नाहीत.)*

पुढची लांबी : सतरा

चौतीस हा आकडा सांगायचा होता. सतरा हा लपवायचा.

दुकानात दोन मापवह्या होत्या. एक जाडजूड, गिऱ्हाइकांची. दुसरी पातळ, हिरव्या कापडी बांधणीची, ती घरची. घरची म्हणजे घरात राहणाऱ्या सगळ्यांची नव्हे. त्याच्या वडिलांचा नियम होता : जो दुकानात कात्री धरेल त्याचंच पान. म्हणून त्यात आजवर दोनच पानं भरली होती, एक वडिलांचं, एक त्याचं. थोरला भाऊ बस चालवायचा, त्याला पान नाही. बायको काजं-बटणं करायची, तिला मिळालं असतं. पण "माझी कंबर माझ्यापाशीच राहू दे," असं तिनं लग्नाच्या वर्षीच सांगून टाकलं होतं.

वर्षातून एकदा, मशीन उघडून तेल घालायच्या दिवशी, शटर अर्धं ओढून दुकानातली माणसं एकमेकांचं माप घेत आणि वहीत एक ओळ वाढवत. वडील गेल्यावर तो एकटा उरला. बायको टेप धरायची, आकडा तो स्वतः वाचायचा आणि स्वतःच लिहायचा.

माणूस वाकायला लागला की ते आरशाआधी टेपला कळतं. गळ्यालगतच्या खांद्यापासून छातीवरून कमरेपर्यंत जे अंतर, त्याला म्हणायचं पुढची लांबी. ती कमी व्हायला लागली की समजावं. मग कोटाची पुढची बाजू पोटावर लोंबते आणि गिऱ्हाईक म्हणतं, मास्तर, शिवताना चुकलात. चुकलेलं असतं गिऱ्हाईकच, पण तसं बोलता येत नाही.

वडिलांच्या पानावर पुढची लांबी अशी होती :

*वय त्रेपन्न, साडेसतरा.*
*पंचावन्न, सतरा.*
*सत्तावन्न, सव्वासोळा.*
*साठ, पंधरा.*

साठाव्या वर्षी वडील गिऱ्हाइकाच्या बुटांकडे बघून बोलायचे. "बूट पुसून येत जा," म्हणायचे, "मला आता तेवढंच दिसतं." गिऱ्हाईक हसायचं. तेही हसायचे, फक्त त्यांचं हसणं फरशीकडे जायचं.

ते का वाकले, यावर घरात एकमत कधी झालंच नाही. आई म्हणायची, टेबलानं वाकवलं. ते टेबल कुणा बुटक्यानं स्वतःसाठी बनवलं होतं आणि वडील होते उंच. आत्या म्हणायची, आमच्या रक्तातच आहे, आमचे वडीलही असेच गेले. हे आजोबा, म्हणजे वडिलांचे वडील, शिंपी नव्हते, पण बांधकामावर विटा वाहायचे. त्यामुळे त्यांच्या पाठीची साक्ष कोणाच्याच कामी यायची नाही. डॉक्टरांनी म्हटलं, "असतं काही घराण्यांत. आणि कामही तसलंच." आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

शिंप्याच्या स्वतःच्या पानावर :

*चाळीस, साडेसतरा.*
*सत्तेचाळीस, सव्वासतरा.*
*त्रेपन्न, सतरा.*

म्हणजे बापाच्या दोन वर्षं पुढे. ही शेवटची ओळ गेल्या वर्षीची. ती लिहिली त्याच आठवड्यात त्यानं उशी सोडली. कोणाला काही बोलला नाही.

मुलगी : माप नाही

मुलगी सत्तावीस वर्षांची. विम्याच्या ऑफिसात सहा वर्षं लोकांचे अर्ज तपासत होती. वडिलांना काय होतं, आईला काय होतं, हे रकाने डावीकडे. काय खाता, काय पिता, किती चालता, हे उजवीकडे. संध्याकाळी आणि सुट्टीला ती दुकानात असायची, आणि तिच्या हाताला जे वळण होतं ते शिकवून येत नाही, हे शिंपी मनात कबूल करायचा. तोंडानं म्हणायचा, "खडू जरा हलका धर."

ऑफिस आता दुसऱ्या शहरात हलणार होतं. बरोबर जायचं की नोकरी सोडायची, हे शनिवारी दुपारपर्यंत कळवायचं होतं. तीन आठवड्यांपूर्वी ती टेबलापाशी येऊन म्हणाली होती, "बाबा, मला नाही जायचं. हिरव्या वहीत माझं पान उघडा."

"बघू."

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा विचारलं. "बघू." तिसऱ्या आठवड्यात तिनं विचारलं नाही, आणि ते त्याला जास्त लागलं.

त्याच्या डोक्यात एकच गुंता होता. टेबलानं वडिलांना वाकवलं असेल, तर मुलीला त्याच टेबलाशी बसवणं म्हणजे तिची पाठ आपल्याच हातानं वाकवणं. आणि रक्तातच असेल, तर ते तिला जन्माबरोबर देऊन झालंय. मग नाही म्हणून तिला दूर घालवायचं कशासाठी? दोन्हींतलं एक काहीतरी नक्की कळायला हवं होतं. शनिवार कधीचा जवळ येत होता आणि कळत काही नव्हतं.

भाऊ : बेचाळीस

गुरुवारी थोरला भाऊ पँट घेऊन आला. अठ्ठावन्न वर्षांचा, खांबासारखा सरळ, आणि येताना हातात तेलानं पारदर्शक झालेली कागदी पुडी.

"बारक्या, टेप जरा चोळून घे, पोटाला गार लागते."

"पोट आत घे."

"हेच आत आहे."

शिंप्यानं टेप फिरवली. "बेचाळीस."

"बघ! सहा वर्षांपूर्वी ही पँट शिवलीस तेव्हाही बेचाळीसच होती. तू जग सोडून बसलायस. मी आयुष्यात एकदाच नाश्ता सोडला, तोही बस बंद पडली म्हणून."

"मग पँट का बसत नाही?"

"आटली. कापड कोण देतं तुला?"

हा प्रश्न शिंप्याला झोंबला, कारण कापडवाल्याशी त्याचं आधीच वाजलं होतं. तीन मीटर मागवलं की त्याच्या टेबलावर ते चार बोटं कमी भरायचं. दर वेळी. कापडवाला फोनवर हात जोडल्यासारखा बोलायचा : "मास्तर, गावातल्या बाकी सगळ्या शिंप्यांकडे बरोबर भरतं. तुमच्याच दुकानात शिरताना कापडाला काय होतं, देव जाणे."

"दादा," कमरेची शिवण उसवता उसवता शिंपी म्हणाला, "आपण एका बापाची पोरं. तू असा सरळ कसा?"

"मी आईवर गेलोय. तू बाबांवर. एवढं सोपं आहे."

"की तू टेबलाशी बसला नाहीस म्हणून?"

"तीस वर्षं स्टिअरिंगला बसलोय मी! बसून माणूस वाकत असता, तर आमच्या डेपोत सगळे टायरसारखे गोल फिरले असते." भावानं पुडी पुढे केली. "घे एक. एवढं एक खाऊन काही होत नाही."

शिंप्यानं पुडीकडे बघितलं. मग भिंतीवरच्या कागदाकडे. "नको," तो म्हणाला.

भाऊ गेल्यावर दुकानात बराच वेळ तो वास राहिला.

मागची लांबी

शुक्रवारी शटर अर्धं खाली. बायकोनं दोन्ही मशीन उघडून ठेवली होती आणि तिचे हात कोपरापर्यंत तेलानं माखले होते. मुलीनं रजा टाकली होती, कारण न सांगता.

"टेप कोण धरणार?" शिंप्यानं विचारलं.

"मी आहे की," मुलगी म्हणाली.

नाही म्हणायला कारण सापडेना. त्यानं खिळ्यावरची टेप काढली. ती वडिलांची. पिवळी पडलेली, मेणकापडाची, दोन्ही टोकांना पितळेच्या पट्ट्या. वडील गेल्यापासून, म्हणजे चौदा वर्षं, तीच गळ्यात. तिनं अंग मापायचं आणि तिनंच कापड. रात्री खिळ्याला टांगताना खालच्या टोकाला वडिलांची लोखंडी कात्री बांधायची, सुरकुती पडू नये म्हणून. हीही वडिलांचीच सवय.

मुलीनं माप घेतलं. छाती. कंबर चौतीस; तो हलकेच खाकरला. पुढची लांबी.

"सतराला एक सूत कमी."

तो अर्ध्या शटरखालून दिसणाऱ्या रस्त्याकडे बघत राहिला आणि मुलगी मागे गेली.

"मागचं राहू दे," तो म्हणाला. "मागचं कोण बघतंय."

"रकाना आहे. भरू दे." तिनं मानेच्या हाडापासून टेप सोडली. "साडेसोळा." लिहिलं. मग हाताची लांबी घेतली, तीही लिहिली. मग तिनं लिहिणं थांबवलं.

पानं मागे-पुढे उलटल्याचा आवाज येत राहिला.

"बाबा, आजोबांची पुढची लांबी जेव्हा सतरावर आली, तेव्हा मागची सव्वासतरा झाली होती. पुढे पंधरा, तर मागे एकोणीस."

"होणारच. पाठ वाकली की मागे कापड जास्त लागतं. पुढून जातं ते मागे येतं. ही शिकायच्या पहिल्या वर्षाची गोष्ट आहे, तुला सांगितली होती मी."

"तुम्हीच सांगितली होती. मग तुमची मागची चाळिसाव्या वर्षी सतरा होती. आज साडेसोळा."

"मग?"

"दोन्ही बाजूंनी आखूड कसे झालात?"

शिंपी वळला. चौदा वर्षं तो दर वर्षी हीच ओळ लिहीत आला होता, पण वाचताना नजर दोनच आकड्यांवर जायची. एक ज्याची भीती, एक ज्याची मिजास. मधल्या रकान्यांत त्यानं आकडे भरले होते, बघितले नव्हते.

"आणि हात," मुलगी म्हणाली. "साडेचोवीस होता. आज पावणेचोवीस. हाताला पाठ असते का?"

"म्हणजे मी आटतोय?"

"पँटीसारखे," मशीनमागून बायको म्हणाली.

"सगळे आकडे कमी," मुलगी वहीवर बोट ठेवून म्हणाली. "एकच सोडून. कंबर. आख्खा माणूस आटतोय आणि कंबर तेवढीच?"

तिघांनीही त्या टेपकडे बघितलं, जी मुलीच्या हातात निवांत लोंबत होती.

डबा

कपाटाच्या वरच्या फळीवर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. वडिलांच्या जुन्या टेपा त्यात. शिंप्याला तो ठाऊक होता. वडिलांना काही टाकवत नसे, एवढाच अर्थ त्यानं लावला होता. आता तो टेबलावर उघडला. बांगडीसारख्या गुंडाळलेल्या टेपा, प्रत्येकीला दोरा, दोऱ्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर वर्ष. एकही वर्ष सुटलेलं नाही. आणि तळाशी एक कोऱ्या कागदात बांधलेली, न उघडलेली.

वडील दर वर्षी वहीच्या दिवशी नवी टेप काढायचे. जुनी डब्यात जायची. त्यांनी हे सांगितलं कधीच नव्हतं. आपण जे रोज करतो ते पोरगं बघतंच आहे, असं वाटलं असणार. पोरगं कात्री बांधून टांगायला शिकलं. टेप बदलायला शिकायचं राहिलं.

मुलीनं नवी टेप टेबलावर पसरली, शेजारी जुनी, पितळेला पितळ भिडवून. पहिल्या पाच-सहा इंचांपर्यंत दोघी बहिणींसारख्या चालल्या. मग जुनी हळूहळू मागे पडायला लागली. नवीच्या छत्तिसावर जुनीचा पस्तीस होता.

"चौदा वर्षं रोज रात्री तिच्या पायाला दगड बांधलात," बायको म्हणाली. "मीसुद्धा लांबले असते."

शिंप्यानं टेबलाची कड धरली. अंग मापायचं ते या टेपनं, कापडही हिनंच. त्यामुळे शिवलेलं प्रत्येक कापड नीट बसत गेलं आणि चूक कुठेच टोचली नाही. म्हणून कापडवाला चोर ठरला. म्हणून भावाची पँट आटली. म्हणून गिऱ्हाइकं आपला आकडा ऐकून त्याच्या दुकानातून खूश होऊन बाहेर पडायची. "मास्तर, तुमच्याकडे आलं की बरं वाटतं," म्हणायची. सबंध गल्ली चौदा वर्षं इथे येऊन तरुण राहिली होती.

"पुन्हा घे," तो म्हणाला. "नव्यानं."

पुढची लांबी साडेसतरा. चाळीसला होती तितकी. मागची सतरा. हात साडेचोवीस. तो डोळे मिटून उभा होता. चौदा वर्षांत एका सुताचाही फरक नाही. त्यानं एक लांब श्वास सोडला.

"श्वास सोडू नका," मुलगी म्हणाली, "कंबर घेतेय."

कंबर, पुन्हा

"पस्तीस."

"नीट बघ."

"पस्तीस. श्वास सोडलात तरी पस्तीस, धरलात तरी पस्तीस."

बायको हसायला लागली. आधी बारीक, मग तेलाचे हात हवेत धरून, डोळे पुसायला हात नाही म्हणून खांद्याला डोळे पुसत. मुलीनं हसू दाबायचा प्रयत्न केला. शिंप्याचं तोंड एवढंसं झालं. साखर, तळलेलं, मीठ, उशी. एवढं करून एक इंच.

"नसतं सोडलं तर एकोणचाळीस झाली असती," तो म्हणाला.

"कदाचित," मुलगी म्हणाली.

"कदाचित काय? दादा बघ."

"काका तुमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठे. आणि कायम जाड. लहानपणीच्या फोटोतसुद्धा."

तो टेबलाजवळच्या स्टुलावर बसला आणि नवी टेप बोटांना गुंडाळत राहिला. बोलला तेव्हा मान खाली होती, पण ती वाकल्यामुळे नव्हे.

"तुला का थांबवलं होतं, माहीत आहे?"

"माहीत आहे. ती वही काही कुलपात नसते. मी ती कधीच वाचलीय."

"मला वाटायचं, आधी कळू दे. टेबल की रक्त. अजूनही कळलेलं नाही. मी सरळ आहे, पण मी आईवर गेलो असेन. किंवा रोज चालतो म्हणून. किंवा माझं वाकणं साठाव्या वर्षासाठी राखून ठेवलं असेल."

"बाबा, सहा वर्षं मी अर्ज तपासतेय. दोन्ही बाजूंचे रकाने भरून घेतो आम्ही. कोणत्या रकान्यानं माणूस गेला, ते कुठल्याच अर्जावर नंतर कोणी लिहून पाठवत नाही." ती टेबलाला टेकली. "आणि तिकडे जाऊन मी काय ताठ उभी राहणार आहे? तिकडेही टेबलच आहे. फक्त त्यावर कापड नाही."

बाहेर कोणीतरी अर्ध्या शटरखालून वाकून बघितलं, "बंद का?" विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता गेलं.

खांदा

शनिवारी सकाळी शिंपी चालायला गेला, नेहमीसारखाच. येताना बांधकामावरून चार विटा मागून आणल्या. सगळ्यांनी मिळून टेबलाचं एकेक टोक उचललं आणि प्रत्येक पायाखाली एक वीट सरकवली.

"रक्ताखाली विटा ठेवता येत नाहीत," बायको म्हणाली, "टेबलाखाली येतात. बरं झालं."

मुलगी टेबलापाशी उभी राहिली. कोपर टेकले. पाठ सरळ राहिली. शिंपी उभा राहिला तर त्याला ते जरा उंचच वाटलं.

"तुम्हाला स्टूल देऊ पायाखाली," मुलगी म्हणाली.

"मस्करी पुरे. इकडे ये."

त्यानं हिरवी वही उघडली आणि आपल्या पानानंतरचं कोरं पान हातानं दाबून सपाट केलं. वर नाव लिहिलं नाही. त्या वहीत नावं नव्हतीच, फक्त वय. *सत्तावीस.* मग नवी टेप. छाती, कंबर, पुढची लांबी, मागची, हात. प्रत्येक आकडा तो मोठ्यानं म्हणायचा आणि बायको लिहायची, कारण आज तिचे हात स्वच्छ होते. शेवटी खांदे. त्यानं डावा बघितला, उजवा बघितला, पुन्हा डावा.

"काय झालं?"

तो वही मागे उलटत गेला. स्वतःच्या पानावर, कोपऱ्यात : *उजवा पाव इंच उतरता.* वडिलांच्या पानावर, त्यांच्या बारीक अक्षरात : *उजवा पाव इंच उतरता.* आजवर तो धरून चालला होता की हे त्या लोखंडी कात्रीचं काम. ती कात्री मुलीनं आयुष्यात जेमतेम चार वेळा उचलली असेल.

"उजवा पाव इंच उतरता," तो म्हणाला.

मुलीनं आरशात बघितलं. "मला तर सरळ दिसतोय."

"तुला नाही दिसणार. शिवलं की दिसतो."

"म्हणजे हे रक्तातलं?"

"म्हणजे हा खांदा आहे," शिंपी म्हणाला. "लिही गं." बायकोनं लिहिलं.

"मग याचं काय करायचं?"

"काही नाही. कापताना त्या बाजूला पाव इंच खाली घ्यायचं. कोट नीट बसतो." त्यानं टेप तिच्या गळ्यात अडकवली. पावणेबारा झाले होते. "जा, ऑफिसला फोन कर. आणि येताना काकांना सांग, उद्या पुन्हा माप द्यायला ये म्हणावं. पुडी घेऊनच ये म्हणावं."

भिंतीवरचा कागद त्यानं काढला नाही. फक्त पेन्सिल घेतली आणि 'उशी' या शब्दावर एक रेघ मारली.